अंगणासाठी दगडी फरशी कशी निवडावी: आधी पाणी ओतून बघा

ग्वाल्हेरात दगडाची वाण नाही. किल्ल्याचा डोंगर वालुकाश्माचा, त्याच्या कड्यांत कोरलेल्या पंधराव्या शतकातल्या जैन मूर्ती त्याच दगडाच्या, आणि शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी वाड्यांमध्ये जिने, चौक, कित्येक ठिकाणी छतेसुद्धा दगडी पटियांची, म्हणजे सपाट लाद्यांची. त्यामुळे नवे घर बांधताना किंवा जुने अंगण उकरून नीट करताना दगडच घालावा असे इथे सहज मनात येते. तो घालावाच, असे माझे स्पष्ट मत आहे. सिमेंटच्या रंगीत ब्लॉकचा रंग उन्हापावसात उडतो. दगडाचा रंग आतपर्यंत त्याचाच असतो, म्हणून तो झिजला तरी केविलवाणा दिसत नाही.

मात्र बहुतेक लोक दगड निवडतात तो दुकानाच्या आवारात, भर उन्हात, कोरड्या थप्पीचा रंग बघून. बाहेरच्या फरशीचे भवितव्य पाणी ठरवते. ती किती पाणी पिते, किती वेळात वाळते, ओली असताना पाय धरते की सोडते, यावर पुढची वीस वर्षे अवलंबून असतात. ग्वाल्हेरची थंडी कडक खरी, पण दगडात मुरलेले पाणी गोठून तो फुटावा इतकी नाही. आपले प्रश्न निराळे आहेत: जुलै-ऑगस्टचा पाऊस, त्याबरोबर येणारे शेवाळ, जमिनीतल्या ओलीबरोबर वर चढणारा खार, आणि मे-जूनमध्ये ४५ अंशांच्या पुढे जाणारा पारा.

पहिले काम: जागेचा कच्चा नकाशा

दुकानात जाण्याआधी एका कागदावर अंगणाचा आराखडा काढा. पाऊस पडताना पाणी कुठून येते, कुठे साचते आणि कुठून बाहेर जाते, हे बाणांनी दाखवा. मग त्यात माणसे घाला. गाडी कुठे उभी राहणार, अनवाणी कोण कुठे चालणार, आजी-आजोबा कोणत्या वाटेने फाटकापर्यंत जातात, कपडे कुठे धुतले जातात. घराच्या उत्तरेची बोळ वेगळी रंगवा. तिथे हिवाळ्यात ऊन येत नाही आणि शेवाळ सगळ्यात आधी तिथेच धरते.

हा नकाशा झाला की लक्षात येते की सगळीकडे एकच दगड घालण्याचा हट्ट नको. वाटेला आणि उताराला खरबरीत दगड हवा. दारासमोर, जिथे रोज रांगोळी घालायची, तिथे मात्र दोन-तीन फुटांचा गुळगुळीत पण पॉलिश न केलेला तुकडा हवा, कारण खडबडीत दगडावर रांगोळीची रेघ नीट पडत नाही आणि खाचांत बसलेला रंग निघत नाही. तुळशीवृंदावनाभोवती दिव्याचे तेल सांडणार हे धरून चाला. तिथे कमी पाणी पिणारा, गडद दगड बरा.

दगडांची ओळख

आपल्या भागात मुख्य पर्याय तीन.

वालुकाश्म म्हणजे सँडस्टोन हा घरचाच. ग्वाल्हेर-शिवपुरी पट्ट्यातला, शेजारच्या धोलपूर-करौलीचा लाल, गुलाबी, फिकट पिवळा. उन्हात तो इतरांच्या मानाने कमी तापतो, विशेषतः फिकट रंगाचा, आणि नैसर्गिक पृष्ठभागावर पाय चांगला ठरतो. ‘ग्वाल्हेर मिंट’ या नावाने विकला जाणारा फिकट हिरवट-पांढरा दगड दिसायला फार सुंदर असतो. त्यावर कधीकधी नेच्याच्या पानासारखी काळसर नक्षी असते आणि विक्रेते तिला जीवाश्म म्हणतात. ती वनस्पती नव्हे, मँगनीज आणि लोह यांची खनिजे दगडाच्या भेगांतून पसरून झालेली आकृती आहे. नक्षी आवडली तर जरूर घ्या, पण मिंट या एकाच नावाखाली कठीण आणि मऊ असे दोन्ही दगड विकले जातात आणि फिकट रंगावर शेवाळाची हिरवी झाक लवकर दिसते, हे माहीत असू द्या.

दुसरा कोटा. राजस्थानातल्या कोटा-रामगंज मंडी भागातली ही चुनखडी आहे, जातीने महाराष्ट्रातल्या घरांत दिसणाऱ्या शहाबादीच्या जवळची. पाणी कमी पितो, टिकाऊ आहे, पण बाहेर वापरायचा तर बिनपॉलिशचा. पॉलिश केलेला कोटा पावसात धोकादायक असतो आणि उन्हापाण्यात त्याची चकाकीही टिकत नाही.

तिसरा ग्रॅनाइट. झांशी-ललितपूरकडचा बुंदेलखंडी ग्रॅनाइट आपल्याला जवळ आहे. पाणी जवळजवळ पीतच नाही, ओझे सहज पेलतो. गाडीच्या जागेसाठी मी हाच सुचवेन. महाग पडतो, कापायला वेळ लागतो, आणि गडद असेल तर तापतो.

काळा कडप्पा आणि संगमरवर अंगणात घालू नका. कडप्प्यावर मे महिन्यात पाऊल ठेवता येत नाही, आणि संगमरवर ओला झाला की घसरतो, शिवाय डाग धरतो.

नमुना घरी आणा आणि तपासा

इथे घाई करू नका. प्रत्येक पसंत दगडाचे दोन-तीन तुकडे मागून घ्या. शोरूममधला घासूनपुसून ठेवलेला नमुना नको, प्रत्यक्ष थप्पीतले तुकडे घ्या, एक वरचा आणि एक मधला.

आधी त्यावर तांब्याभर पाणी ओता. ओला रंग तोच तुमचा पावसाळ्यातला रंग. लाल दगड ओला झाला की बराच गडद होतो, करडा जवळजवळ काळा दिसतो. पाणी टाकताक्षणी आत शोषले गेले तर दगड सच्छिद्र आहे. थेंब वर बराच वेळ राहिला तर घट्ट आहे, किंवा वर काही लेप दिलेला आहे, म्हणून खालच्या बाजूलाही हाच प्रयोग करा. मग ओल्या दगडावर अनवाणी पाय घासून बघा, आणि घरातल्या रोजच्या चपलेनेही.

पुढची चाचणी वजनाची. ही मला सगळ्यात विश्वासाची वाटते, कारण तिच्यात विक्रेत्याचे मत येत नाही. तुकडा दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. मग २४ तास पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, बाहेर काढून फडक्याने वरचे पाणी टिपा आणि पुन्हा तोला. कोरडा २,००० ग्रॅमचा तुकडा २,०६० झाला तर त्याने ३ टक्के पाणी प्यायले. चांगला ग्रॅनाइट अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. वालुकाश्म ३ टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त घ्या. ३ ते ६ मध्ये असेल तर उन्हाच्या, मोकळ्या जागी चालेल, उत्तरेच्या बोळीत नको. त्याच्या पुढे गेला तर तो भिंतीला लावा. इमारतीच्या दर्शनी भागावर धोलपुरी दगड दिमाखात टिकलेला आपण पाहतो, पण भिंतीवरचे पाणी ओघळून जाते आणि जमिनीवरचे थांबते. भिंतीवरचा अनुभव फरशीला जसाच्या तसा लागू होत नाही.

तिसरी लिंबाची. रसाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटांनी धुवा. कोटा आणि संगमरवर यांच्यासारख्या चुन्याच्या दगडावर फिका डाग राहतो. असा दगड जिथे जेवणावळ किंवा चूल मांडली जाते तिथे घालू नये, आणि त्यावर कधीही ॲसिड वापरू नये.

शेवटी तुकडा एका हाताने लोंबकळत धरून छोट्या हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज म्हणजे आत भेग किंवा सुटलेला थर.

थर आणि कडा

वालुकाश्म वाळूच्या थरांवर थर बसून झालेला असतो. खाणीत तो त्याच थरांच्या सांध्यावर फोडून पटिया काढतात, म्हणून आडवा घातला की थरही आडवेच राहतात आणि दगड सुखाने ओझे घेतो. त्रास होतो तो कडांना. पायरीच्या उघड्या कडेतून पाणी थरांमध्ये शिरते आणि पापुद्रे सुटू लागतात. म्हणून नमुन्याची वरची बाजू बघता तितक्याच बारकाईने कड बघा. कडेला नखाने किंवा किल्लीने खरवडा. वाळू हातात आली किंवा पापुद्रा उचलला गेला, तर तो दगड नाकारा, रंग कितीही आवडो. पायरीसाठी एकसंध, जाड दगड घ्या आणि त्याची पुढची कड गोल घासून घ्या.

पृष्ठभाग आणि जाडी

बाहेरसाठी नैसर्गिक फुटलेला, सँडब्लास्ट केलेला (वाळूच्या झोताने घासलेला), किंवा टाकी मारून खरबरीत केलेला पृष्ठभाग मागा. ग्रॅनाइटला आगीची झळ देऊन खरबरीत करतात, त्याला फ्लेम फिनिश म्हणतात. फार खोल खाचांचा दगडही नको, कारण खाचेत पाणी राहते, खुर्ची डुगडुगते आणि वॉकरचे चाक किंवा पाय अडकतो.

जाडी जागेप्रमाणे. पक्क्या काँक्रीटवर सिमेंट-वाळूच्या मालात बसवायची पायवाट असेल तर २५ ते ३० मिलिमीटर पुरते. वाळूच्या किंवा दगडाच्या चुरीच्या थरावर सुटी बसवायची असेल तर ४० पाहिजे. गाडीसाठी ५० किंवा जास्त, किंवा खाली चांगले काँक्रीट. हाताने फोडलेल्या पटियांची जाडी एकसारखी नसते. मशीनने समान केलेल्या घेतल्या तर थोडे पैसे जास्त जातात, पण मिस्त्रीचा वेळ आणि माल वाचतो.

गच्चीवर दगड घालायचा विचार असेल तर आधी हिशेब करा. ४० मिलिमीटर जाडीचा वालुकाश्म १०० चौरस फुटांना साधारण साडेआठशे किलो भरतो, आणि खालचा माल वेगळा. वॉटरप्रूफिंग आणि स्लॅबची ताकद अभियंत्याला दाखवल्याशिवाय तो वर चढवू नका.

ऑर्डर देताना

मोजलेल्या क्षेत्रावर सरळ मांडणीला ५ ते ७ टक्के, तिरक्या किंवा गोल मांडणीला १० ते १२ टक्के जास्त मागवा. सगळा माल एकाच खेपेत आणि एकाच खाणीतला हवा, हे बिलावर लिहून घ्या. माप कापलेल्या कडेचे धरले आहे की कच्च्या कडेचे, वाहतूक आणि उतरवण्याची मजुरी त्यात आहे का, हे दर ठरवताना विचारा. माल आला की थप्प्या जमिनीवर सपाट न रचता उभ्या, लाकडी पट्ट्यांवर टेकवून ठेवा.

बसवताना तुम्ही बघायच्या गोष्टी

उताराची सुतळी स्वतः तपासा. खरबरीत दगडाला दहा फुटांना दोन इंच उतार लागतो, गुळगुळीत असेल तर दीड इंचात भागते. उतार नेहमी घरापासून बाहेर. खाली माती धुम्मसाने ठोकून, त्यावर गिट्टीचा थर दाबून मगच पुढचे काम. भरावाच्या मातीवर घातलेली फरशी पहिल्या पावसानंतर खचते.

माल पूर्ण तळाला लागला पाहिजे. चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे गोळे ठेवून दगड दाबण्याची पद्धत ठामपणे थांबवा. मधल्या पोकळीत पाणी साठते, दगड पोकळ वाजतो, आणि सच्छिद्र दगडावर ते गोळे वरून डागासारखे दिसू लागतात. दगडाची मागची बाजू धुऊन, सिमेंटची लापी फासून बसवायला सांगा. बोअरचे पाणी खारे असेल तर कालवायला गोडे पाणी वापरा, म्हणजे खार फुटणे बरेच कमी होईल. दगड एकमेकांना चिकटवू नका. मध्ये ८ ते १० मिलिमीटरची दर्ज, म्हणजे फट, ठेवा आणि ती पूर्ण भरून घ्या.

कापण्याबद्दल हात जोडून सांगते. वालुकाश्मात क्वार्ट्झ भरपूर असते, आणि कोरड्या कटरने उडणारी त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. शेजारच्या राजस्थानात दगडकाम करणाऱ्या इतक्या लोकांना तो झाला आहे की राज्य सरकारने २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले. कटरवर पाण्याची धार लावायला सांगा, कारागिरांसाठी एन-९५ मास्क तुमच्या खर्चाने आणा, आणि मुलांना त्या दिवसांत आत ठेवा. नुसता गमछा बांधून ही धूळ अडत नाही.

काम झाल्यावर

सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री ॲसिडची बाटली काढतील. नको म्हणा. कोट्याला ते खाते, आणि लोह असलेल्या वालुकाश्मावर नंतर गंजासारखे पिवळे डाग उमटतात. काम चालू असतानाच ओल्या स्पंजने पुसत राहणे हाच उपाय. पहिल्या वर्षी पांढरा खार वर आला तर कोरड्या ब्रशने झाडून काढा. वरचेवर पाणी मारले तर तो विरघळून परत आत जातो.

सीलर म्हणजे पाणी अडवणारा लेप लावायचाच असेल तर आत मुरणारा, दगडाला श्वास घेऊ देणारा घ्या, आणि फरशी किमान महिनाभर वाळल्यावर, आधी एका कोपऱ्यात लावून बघा. वर चकचकीत थर धरणारे लॅकर बाहेर घसरडे होते आणि पापुद्र्याने सुटते. शेवाळाला दसऱ्याच्या साफसफाईत साधा कडक ब्रश आणि सौम्य साबण पुरतो. उत्तरेची बोळ मात्र पावसाळ्यातच दोनदा घासावी.

उरलेले पाच-सहा दगड माळ्यावर टाकू नका. अंगणाच्या एका कडेला, उन्हापावसात ठेवा, म्हणजे पुढे एखादा फुटलेला बदलताना दोन्हींचा रंग सारखाच मुरलेला असेल.