समुपदेशकांना भेटायला जाताना: आई-वडिलांची तयारी

‘शाळेत येऊन समुपदेशकांना भेटा’ असा निरोप आला की घरात आधी धास्ती भरते आणि मग पोराला रागावणं सुरू होतं. तसं करू नका, कारण पहिली तयारी त्याचीच करायची आहे. आदल्या दिवशी त्याला शांतपणे सांगा: कोण भेटणार आहे, किती वेळ लागेल आणि ही शिक्षा नाही. ‘चल, तिथे तुझं सगळं सांगते’ अशी भीती घालून नेलेलं मूल तोंड उघडत नाही.

कापूस वेचणीच्या घाईत किंवा बाजाराच्या दिवशी वेळ घेऊ नका. वडिलांनीही यावंच. आई एकटी येते आणि घरी जाऊन सगळ्यांना पटवत बसते, हे थांबायला हवं. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची कितीतरी घरं मजुरीला गुजरातेत जातात. अशा वेळी मूल ज्यांच्याजवळ राहतं त्या आजी-आजोबांनी यावं आणि आई-वडिलांना फोनवर घेता येईल अशी वेळ मागावी.

गुणपत्रक न्या, पण रोजच्या वह्या विसरू नका. खाडाखोड झालेल्या, अर्धवट सोडलेल्या, जशा असतील तशा. फळ्यावरचं उतरवताना ओळी गळतात का, तोंडी येणारं गणित लिहिताना चुकतं का, हे त्या वह्यांतच दिसतं. जमलं तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन गेलं असेल तर तपासणीत काय निघालं तेही विचारा. अडचण अध्ययन अक्षमतेची, म्हणजे समज असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडखळण्याची, निघाली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि ते एका फेरीत हातात पडत नाही. म्हणून हा विषय नववीत किंवा त्याआधीच काढा.

आठवडाभर एका कागदावर टिपून ठेवा. ‘आळशी झालाय’ असं लिहू नका, कारण तो आपला निकाल झाला. ‘सोमवारी दप्तर भरलं, चप्पल घातली आणि ओट्यावर बसून म्हणाला, मन्हं पोट दुखस, शाळेची वेळ टळल्यावर जेवला’ असं लिहा. झोप किती, जेवण कसं, रात्री मोबाइल किती वाजेपर्यंत, कोणत्या मित्राचं नाव घेणं बंद झालं, एवढं पुरे. आणि मूल अहिराणीत बोलत असेल तर बोलू द्या, ‘नीट बोल’ म्हणून मध्ये टोकू नका.

घरातलं काय सांगायचं हे दोघांनी आधी ठरवा. मृत्यू, कर्ज, दारू, भांडण यातलं काही असेल तर सांगाच. लपवलं तर मदत चुकीच्या दिशेने जाते. भगताकडे नेलं असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. बोललेलं कोणाला कळेल, हे सुरुवातीलाच विचारून घ्या. एरवी गोष्टी खासगी राहतात, पण मुलाच्या जिवाला धोका असेल तर मदतीसाठी इतरांना सांगावं लागतं. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. समुपदेशक औषध लिहून देत नाहीत. गरज वाटली तर मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवतात. ती चिठ्ठी नाकारू नका.

एका गोष्टीसाठी मात्र भेटीची वाट पाहायची नाही. मूल ‘मला जगायचं नाही’ म्हणालं, चिडून म्हणालं तरी, त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ आणि चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत, रात्रीही लागतात. काही घेतल्याचा संशय आला तर थेट दवाखाना गाठा, औषधाचा डबा सोबत घ्या.

भेट संपल्यावर पुढची तारीख आणि घरी करायच्या गोष्टी लिहून घ्या. परतताना ‘काय काय विचारलं?’ अशी उलटतपासणी नको. त्याला भूक लागली असेल, आधी खाऊ घाला.