नवा महागडा ट्यूब अ‍ॅम्प घरी आलाय? पहिले पंधरा दिवस असे घालवा

ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणारा, इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. त्याचा खोका घरी आला की हात शिवशिवतात, साहजिक आहे. तरी पहिल्याच संध्याकाळी पेडलबोर्ड (आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या पेडलांची पाटी) जोडून, सगळं फुल करून वाजवायचं नाही असं आधीच ठरवून टाका. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, वरच्या मजल्यावर, आणि तीन वर्षं पैसे साठवून एक ५० वॅटचा ट्यूब हेड (स्पीकर नसलेला वेगळा अ‍ॅम्प) आणि १२ इंची स्पीकरची कॅबिनेट घेतली, आणि खरं सांगतो, पहिला आठवडाभर मला तो आवडलाच नाही. कर्कश वाटायचा, वरच्या पट्टीत कानाला टोचायचा, घरी आई म्हणायची एवढे पैसे घालून हे काय आणलंस. विकायचाही विचार केला. अ‍ॅम्पमध्ये खोट नव्हती, मी जुन्या अ‍ॅम्पची सेटिंग आणि जुनी पेडलं जशीच्या तशी याच्यावर लादत होतो. मग सगळं काढून ठेवलं, एक गिटार आणि एक केबल घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पंधरा दिवसांत त्याचा खरा आवाज सापडला. तेच इथे क्रमाने लिहितोय.

प्लग लावायच्या आधी

मागच्या पॅनलवर व्होल्टेज लिहिलेलं असतं, ते वाचा. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेतून कोणी भावाने-मेव्हण्याने आणून दिला असेल तर तो १२० व्होल्टचा असू शकतो, आणि तो सरळ आपल्या सॉकेटला लावला तर नशीब चांगलं असेल तर फक्त फ्यूज जाईल. काही अ‍ॅम्पना मागे व्होल्टेज बदलायचा स्विच असतो, नसेल तर चांगला, पुरेशा वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि प्लेटवर नुसतं ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर स्टेप-डाउन लावूनही काम भागत नाही, कारण तो फ्रिक्वेन्सी बदलत नाही आणि ६० साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. अशा वेळी जाणकाराला विचारल्याशिवाय लावू नका.

मग अर्थिंग. तीन पिनचा सॉकेट दिसला म्हणजे अर्थिंग आहे असं नाही, जुन्या घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलवून तपासून घ्या, एवढ्या महाग वस्तूपुढे त्याची मजुरी काहीच नाही. घुंss असा आवाज येतो म्हणून अर्थची पिन कापणारे लोक मी बघितलेत. कृपा करून हे करू नका, गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या चॅसीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात आणि तुमचा हात त्या तारांवर असतो. घरातला साधा स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर अ‍ॅम्प त्याच्या लाइनवर ठेवू नका, लाइट गेले की बंद करा आणि यायची वाट बघा.

फ्यूज किती अँपियरचा आहे ते डायरीत लिहून तसेच चार आणून ठेवा. आकड्याच्या आधी ‘टी’ असेल तर तो स्लो-ब्लो, म्हणजे सुरू करतानाचा क्षणभराचा झटका सोसणारा. माझ्या आधीच्या अ‍ॅम्पचा फ्यूज गेला तेव्हा एका दुकानात त्याच्या जागी तार पिळून दिली होती, “चालतंय ना, मग झालं”. चाललं दोन महिने, नंतर एक पॉवर ट्यूब शॉर्ट झाली आणि मधे थांबवणारं काहीच नसल्यामुळे ट्रान्सफॉर्मर जळाला. तो वास मी विसरलेलो नाही.

ट्यूब नुसत्या बघा

ज्यांना आपली आजोबा मंडळी रेडिओतले व्हॉल्व्ह म्हणायची, त्याच या. मागच्या जाळीतून टॉर्च मारा. छोट्या असतात त्या प्रीअ‍ॅम्पच्या (गिटारचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या), बहुतेक १२एएक्स७, आणि मोठ्या त्या पॉवरच्या (स्पीकर चालवणाऱ्या), माझ्यात दोन ईएल३४ आहेत, तुमच्यात ६एल६ किंवा ईएल८४ असतील. काचेला आतून, बहुतेक माथ्यावर, चांदीसारखा चकचकीत डाग दिसेल, त्याला गेटर म्हणतात. तो आत राहिलेली हवा शोषून घेतो. तो पांढरा, दुधाळ झालेला दिसला तर समजा काचेला कुठेतरी चीर आहे, हवा आत गेलीय आणि ती ट्यूब संपली. प्रवासात ट्यूब सॉकेटमधून सैल होते, तेव्हा प्लग काढलेला असताना आणि सगळं गार असताना हलक्या हाताने दाबून नीट बसवा.

एवढंच. चॅसी उघडायची नाही. आत ४००-५०० व्होल्टची डीसी असते आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ती धरून राहते, माणूस मारायला पुरेशी.

स्पीकर जोडल्याशिवाय कधीच ऑन करू नका

ट्यूब अ‍ॅम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला समोर ओझं लागतं. स्पीकर नसेल आणि तुम्ही वाजवलं तर ती ताकद जायला वाट उरत नाही, ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटतं. म्हणून आधी स्पीकरची वायर, मग पॉवरची. कॅबिनेट ८ ओहमची (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) असेल तर ८ ओहमच्या जॅकमध्ये, १६ ची असेल तर १६ च्या. आणि वायर स्पीकरचीच हवी, गिटारची नाही. दोन्हींचे जॅक बाहेरून अगदी सारखे दिसतात पण गिटारच्या केबलमधली आतली तार बारीक असते, ती हा करंट वाहायला बनलेलीच नाही. मी स्पीकरच्या वायरला दोन्ही टोकांना लाल टेप लावून ठेवलाय, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही.

स्टँडबाय स्विच असेल तर पॉवर ऑन करून मिनिटभर थांबा, मग स्टँडबाय सोडा. आतल्या फिलामेंटचा नारिंगी उजेड हळूहळू चढतो, तो बघत बसायला मला अजून आवडतं. काचेवर निळसर जांभळी झाक दिसली तर घाबरायचं नाही, पॉवर ट्यूबमध्ये ती नॉर्मल आहे. पण आतली राखाडी प्लेटच लाल तापलेली दिसली तर लगेच बंद करा, तिथे बायसची (ट्यूबमधून किती करंट वाहायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगची) गडबड आहे आणि ते काम टेक्निशियनचं.

आता एक गिटार, एक केबल

पेडल नाही, रिव्हर्ब (घुमारा) नाही. गेन (सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) कमी, बाकी सगळं मधे, आणि दहा-पंधरा मिनिटं नुसतं साधं वाजवा. मग एकेक नॉब घ्या. ट्रेबल शून्यावर नेऊन तिथून एकेक आकडा वर चढवत दहापर्यंत जा आणि प्रत्येक आकड्यावर एकच फ्रेज वाजवा, दर वेळी तीच. मग तो मधे आणून मिडल, मग बास. कंटाळवाणं वाटेल, पण शास्त्रीय गायक अमीर खाँसाहेब याच इंदूरचे, अति विलंबित (फार संथ) झुमरा तालात एकेका स्वराशी ते किती वेळ थांबायचे ते ऐकलंय ना, तेवढा निवांतपणा इथे ठेवायचा.

यात एक गोष्ट कळेल की सगळे नॉब पाचवर म्हणजे आवाज ‘फ्लॅट’ असं नसतं. बहुतेक गिटार अ‍ॅम्पमधला टोनचा भाग पॅसिव्ह असतो, तो आवाजात काही घालत नाही, फक्त काढतो, आणि तिन्ही नॉब एकमेकांत गुंतलेले असतात. ट्रेबल वर असेल तर मिडलचा परिणाम कमी जाणवतो, ट्रेबल खाली आणला की तोच मिडल एकदम बोलायला लागतो. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये तिन्ही शून्यावर नेलेत तर आवाज जवळजवळ गायबच होतो.

दुसऱ्याचे आकडे उचलू नका असं म्हणतो ते यासाठीच. १९६२ मध्ये लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात जेटीएम४५ हा गिटार अ‍ॅम्प बनला तो फेंडरच्या बासमनच्या सर्किटवरून, म्हणजे मुळात बास गिटारच्या अमेरिकन अ‍ॅम्पवरून, पण ट्रान्सफॉर्मर, ट्यूब, स्पीकर वेगळे आणि आवाज वेगळ्याच घराण्याचा झाला. नकाशा एक असून एवढा फरक पडतो, मग कुणाचा ‘ट्रेबल सहा, मिडल सात’ तुमच्या गिटारला आणि तुमच्या खोलीला कसा चालेल?

प्रेझेन्स नॉब असेल तर तो शेवटी. तो टोनच्या भागात नसून बहुतेक वेळा पॉवर अ‍ॅम्पच्या निगेटिव्ह फीडबॅकवर (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत देतात, त्यावर) काम करतो, म्हणून त्याची जात वेगळी. तानपुऱ्याच्या जवारीवर तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवला की बंद आवाज अचानक खुलतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पटकन कळेल. प्रेझेन्स तसाच, थोडा थोडा फिरवायचा आणि आवाज खुलला की हात काढून घ्यायचा. माझा दोन आणि तीनच्या मधे थांबलाय, सुरुवातीला सातवर होता, कर्कशपणाचं अर्धं कारण तेच निघालं.

आवाज किती मोठा, इथे सगळी मेख आहे

वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळे ५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्पसुद्धा फ्लॅटमध्ये भरपूर होतो आणि ५० वॅटचा काही त्याच्या दहापट मोठा नसतो. दुसरं म्हणजे हळू आवाजात आपल्या कानाला बास आणि अगदी वरचा भाग कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणून रात्री हळू आवाजात गोड लावलेली सेटिंग मोठ्या आवाजात ढोलासारखी आणि टोचरी होते. ज्या आवाजात वाजवणार त्याच आवाजात नॉब लावा. मी खालच्या काकूंशी बोलून सकाळी अकरा ते साडेबारा ठरवून घेतलंय, तेव्हा त्या बाजारात जातात, आणि रात्रीची सेटिंग डायरीत वेगळ्या पानावर आहे. शेजाऱ्यांशी जमत नसेल तर हेड आणि स्पीकरच्या मधे लावायचा, ताकद शोषून आवाज कमी करणारा अटेन्युएटर मिळतो, फक्त तो तुमच्या वॅटचा आणि ओहमचा हवा.

कॅबिनेट जमिनीवर आणि कान पाच फूट वर असं ठेवू नका. १२ इंची स्पीकर वरच्या पट्टीचा आवाज टॉर्चसारखा सरळ समोर फेकतो, तुम्हाला बोथट वाटतं म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता आणि समोर बसलेल्याचे कान जातात. कॅबिनेट स्टुलावर ठेवा किंवा मागे कलती करा, आणि सेटिंग ठरवताना एकदा तिच्या समोर खाली बसून ऐका. नवा स्पीकर कडक असतो, काही तास वाजला की मोकळा होतो, त्याआधी मत बनवू नका.

गिटारचा व्हॉल्यूम नॉब

चांगला ट्यूब अ‍ॅम्प इथे ओळखू येतो. अ‍ॅम्पचा गेन असा लावा की गिटार दहावर असताना जोरात मारल्यावर आवाज फाटतो. मग अ‍ॅम्पला हात न लावता गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणा, मग पाचवर. माझ्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर सातला फाटणं जाऊन नुसती कड उरते आणि पाचला स्वच्छ, घंटेसारखा आवाज येतो, तोच कॉर्ड बोटाच्या मांसाने छेडला तर मऊ, पिकने रागाने मारला तर परत गुरगुरतो. व्हॉल्यूम कमी करताना आवाज फार बोथट होत असेल तर गिटारच्या व्हॉल्यूम पॉटला (नॉबखालच्या भागाला) ट्रेबल ब्लीडचा छोटा कपॅसिटर लावून घ्या, स्वस्तातलं काम आहे. मी चार दिवस फक्त हेच केलं, एक कॉर्ड आणि एक नॉब, आणि त्यानंतर ओव्हरड्राइव्हची (आवाज फाडणारी) दोन पेडलं लागेनाशी झाली.

पेडल आणायची ती यानंतर, एका वेळी एक. ट्यूब बदलून बघायचा मोह पहिल्या महिन्यात टाळा, आणि फिक्स्ड बायसच्या (ज्यात बायस वेगळा लावावा लागतो त्या) अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूब बदलल्या की बायस परत लावून घ्यावाच लागतो. मधेच टण्ण असा आवाज किंवा शिट्टी यायला लागली तर अ‍ॅम्प चालू असताना पेन्सिलच्या मागच्या टोकाने छोट्या ट्यूबवर एकेक हलकी टिचकी द्या, थोडी टकटक ऐकू येणं ठीक, पण जी घंटीसारखी वाजत राहते ती मायक्रोफोनिक (धक्क्याचाही आवाज उचलणारी) झालीय, ती बदला. पॉवर ट्यूबला हात लावू नका, भाजतं.

गणपतीत कॉलनीच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा बाहेर नेला तेव्हा वाजवून झाल्यावर सगळे उचलायची घाई करत होते, मी बंद करून वीस मिनिटं तसाच राहू दिला. गरम असताना आतली फिलामेंट नाजूक असते, उचलताना लागलेला धक्का तिला सोसत नाही. बाहेर पाऊस होता, वरून प्लॅस्टिक घालून आणला आणि घरी आल्यावर लगेच ऑन केला नाही, रात्रभर कोरड्या खोलीत ठेवला. बॅगेत दोन १२एएक्स७, पॉवर ट्यूबची एक जुळवलेली जोडी, चार फ्यूज आणि ती लाल टेपवाली वायर असते, आणि डायरी.