करडा-कोकराचा मेंदू पोटातच घडतो: गाभणकाळापासून पहिल्या पंधरवड्यापर्यंत काय सांभाळावं

करडू जन्मल्यावर तासाभरात उभं राहतं, सड शोधतं, आईचा आवाज ओळखायला लागतं. हे जमतं कारण त्याच्या मेंदूची बहुतेक बांधणी पोटातच उरकलेली असते. उंदराच्या मेंदूच्या वाढीचा जोर जन्मानंतर असतो, माणसाचा आणि डुकराचा जन्माच्या आगेमागे, तर मेंढीचा मुख्यतः जन्माआधी. त्यामुळे बेळगाव जिल्ह्यात अथणी-रायबागच्या माळावर कळप असो की खानापुरात दारात बांधलेल्या दोन शेळ्या, पिलाच्या मेंदूसाठी जे करायचं ते आईच्या दावणीत करावं लागतं. पिलू झाल्यावर टॉनिकच्या बाटल्या आणून गेलेली वेळ परत येत नाही.

आधी पोटात काय चालतं ते थोडक्यात. वृद्धिघटक, म्हणजेच ग्रोथ फॅक्टर, ही पेशींनी एकमेकींना धाडलेली लहान प्रथिनं. जग, वाढ, फांदी इकडे फुटू दे, असे त्यांचे निरोप असतात. पहिला असा घटक, चेतापेशी वाढवणारा एनजीएफ, सापडल्याबद्दल आणि त्या पुढच्या कामाबद्दल रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. मेंदूतला बीडीएनएफ नावाचा वृद्धिघटक १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळा काढला गेला. चेतापेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. ज्यांना योग्य जागी जोडणी आणि पुरेसा वृद्धिघटक मिळतो त्या टिकतात, बाकीच्या मरतात. आयजीएफ-१ नावाचा घटक यकृतात तसाच मेंदूतही बनतो आणि आईचं खाणं तुटलं की गर्भाच्या रक्तात तो उतरतो. थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं तरी या साखळीतले अनेक दुवे ढिले पडतात. हे घटक बाहेरून टोचायचे नसतात. शरीर ते स्वतः बनवतं, आपण कच्चा माल वेळेवर पोचवायचा.

म्हणून पहिलं काम, शेळी किंवा मेंढी फळली ती तारीख लिहून ठेवा. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. तारीख नसेल तर पुढचं सगळं अंदाजावर जातं.

पहिल्या महिना-दीड महिन्यात अल्बेंडाझोल पाजू नका, त्याने गर्भात व्यंग येऊ शकतं. जंताचं औषध नर सोडण्याआधी द्या किंवा डॉक्टरांना दुसरं विचारा.

मेंढीच्या गर्भात साधारण ४० ते ८० दिवसांदरम्यान चेतापेशी भराभर वाढतात. या काळात आयोडीन कमी पडलं तर नुकसान खोलवर जातं. ऑस्ट्रेलियात बेसिल हेट्झेल आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांना आयोडीन अगदी कमी असलेला चारा दिला तेव्हा गर्भांच्या मेंदूचं वजन कमी भरलं. आपल्याकडे दोन गोष्टींवर नजर ठेवा. खानापूरसारख्या जास्त पावसाच्या डोंगरपट्ट्यात मातीतलं आयोडीन धुऊन जातं. आणि बेळगावच्या भाजीपट्ट्यात कोबी-फ्लॉवरचा पाला फुकट मिळतो म्हणून गाभण शेळीला तोच पोटभर घातला जातो. या पाल्यात थायरॉइडला अडवणारे घटक असतात. थोडा पाला चालेल, पण मुख्य चारा म्हणून नको. घरचं आयोडीनयुक्त मीठच वापरा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण ओलसर हवेत उघड्या मिठातलं आयोडीन उडून जातं. खडे मीठ आयोडीनयुक्त असतंच असं नाही. पिलू मेलेलं किंवा अशक्त जन्मलं, अंगावर केस विरळ आणि गळ्याशी गाठ असेल तर आयोडीनची शंका घ्या.

साधारण ९५ दिवसांनंतर दुसरा टप्पा येतो. आता चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी वाढतात आणि तंतूंवर मायलिनचं वेष्टण चढतं, विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं तसं. इथे तांबं लागतं. ते कमी पडलं की वेष्टण नीट चढत नाही, मज्जारज्जूतल्या पेशीही खराब होतात. कोकरू जन्मतःच उठत नाही, किंवा आधी ठीक असतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी मागचे पाय झोलायला लागतात. करडांमध्ये हा उशिराचा प्रकार जास्त दिसतो. एकदा झालेलं नुकसान भरून येत नाही.

चाऱ्यात तांबं असूनही ते अंगी लागत नाही, असंही होतं. चिक्कोडी, रायबाग, गोकाक भागात उसाचे वाढे आणि मळी (मोलॅसिस) हाताशी असतात. मळीत गंधक भरपूर. गंधक, आणि सोबत मॉलिब्डेनम हे खनिज असेल तर तेही, पोटात तांब्याला बांधून टाकतं. नुसत्या वाढ्यांवर गाभण जनावर काढणं तसंही चुकीचं आहे, त्यात प्रथिनं आणि खनिजं दोन्ही अपुरी. सोबत सुबाभूळ, शेवरी, हुलग्याचं भुसकट किंवा शेंगांचा पाला द्या.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. तांबं हवं म्हणून गाई-म्हशीचं खनिज मिश्रण मेंढीला घालतात. मेंढीच्या यकृतात तांबं साचत जातं आणि एक दिवस लघवी तांबडी-काळी होऊन जनावर जातं. शेळी जास्त तांबं सोसते, मेंढी सोसत नाही. मेंढ्यांसाठी म्हणूनच बनवलेलं मिश्रण घ्या, पोत्यावरचं कन्नड लेबल ज्याला वाचता येतं त्याच्याकडून वाचून घ्या. तांब्याचं इंजेक्शन किंवा गोळी रक्ततपासणीनंतर डॉक्टरांनीच द्यावी. मोरचूद (तांब्याचाच क्षार) तर घरच्या घरी अजिबात पाजू नका.

शेवटच्या ४५ दिवसांत गर्भाचं वजन झपाट्याने वाढतं. जुळी असतील तर पोटात चाऱ्याला जागाच उरत नाही, म्हणून थोडक्यात ताकद देणारा खुराक लागतो, रोज २५० ग्रॅमच्या आसपास, दोन वेळांत वाटून. १० किलो खुराकासाठी मक्याचा भरडा ५ किलो, शेंगदाणा पेंड २.५ किलो, तूरचुणी किंवा गव्हाचा कोंडा २.२ किलो, खनिज मिश्रण २०० ग्रॅम, आयोडीनयुक्त मीठ १०० ग्रॅम. सुरुवात ५० ग्रॅमने करून आठ-दहा दिवसांत पूर्ण मापावर या, एकदम भरडा घातला तर पोटात आम्ल होतं. बुरशी आलेली पेंड फेका. गाभण मेंढी खाणं सोडून एका जागी उभी राहिली, तोंडाला गोडसर वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिच्या रक्तातली साखर उतरली आहे आणि पिलांचीही त्यावरच मदार आहे.

व्यायल्यावर पहिली काही मिनिटं श्वासाची. नाका-तोंडातला चिकटा बोटाने काढा, नाकपुडीत गवताची काडी फिरवा, छातीवर कोरड्या पेंढ्याने चोळा, पिलाला पोटावर बसतं करा. मागचे पाय धरून गरगर फिरवू नका. अडून राहिलेलं, प्राणवायू कमी पडलेलं पिलू जिवंत राहिलं तरी चोखायचं विसरतं. स्वच्छ बोट तोंडात घालून चोख तपासा.

मग पिलू आईच्या नाकासमोर ठेवा आणि चाटू द्या. आपणच पुसून लख्ख करू नका. थंड वारा किंवा पाऊस असेल, आई चाटत नसेल, तरच पुसा. ड्यूक विद्यापीठात सॉल शानबर्ग यांनी उंदरांची पिलं आईपासून वेगळी केली तेव्हा त्यांचं वाढ संप्रेरक उतरलं, आणि ओल्या ब्रशने चाटल्यासारखं चोळलं तेव्हा ते सावरलं. मॉन्ट्रियलमध्ये मायकल मीनी यांच्या गटाला जास्त चाटलेल्या पिलांच्या मेंदूत बीडीएनएफ जास्त आढळला. हे उंदरांचं आहे, शेळीला जसंच्या तसं लावू नये. पण चाटण्याने पिलू कोरडं होतं, श्वास चालतो आणि आईची ओळख पक्की होते, एवढं गोठ्यातही दिसतं.

चीक पहिल्या दोन तासांत. दर किलो वजनाला ५० मिली, म्हणजे अडीच किलोच्या करडाला १२५ मिली, आणि २४ तासांत मिळून ५०० मिली. २५ किलोच्या वासराला किंवा रेडकाला पहिल्या चार-सहा तासांत अडीच लिटर. चिकात आयजीएफ-१ साध्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतो. तो मुख्यतः पिलाच्या आतड्यावर काम करतो, थेट मेंदूत जाऊन बसतो असं नाही. चांगलं आतडं, रोगप्रतिबंधक द्रव्यं आणि साखर मिळून मेंदूची भूक भागते. खरवसाला गिऱ्हाईक असतंच, पण पिलाचं पोट भरल्यावर उरेल तोच चीक विका. जास्तीचा चीक बाटलीत गोठवून ठेवा आणि वापरताना ५० अंशांखालच्या पाण्यात ठेवून पातळ करा. उकळला तर त्यातली प्रथिनं गोठतात.

गारठलेल्या पिलाला घाईने पाजू नका. गुदद्वारातलं तापमान ३९ ते ४० अंश सेल्सिअस हवं. ३७ ते ३९ असेल तर कोरडं करून पाजा. ३७ च्या खाली आणि पिलू पाच तासांपेक्षा मोठं असेल तर नळीने दूध घालणं आणि नुसती शेक देणं दोन्ही धोक्याचं, आधी डॉक्टरांकडून ग्लुकोज हवं.

पुढच्या पंधरा दिवसांत पिलं एकेकटी बांधू नका. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात वासरांना एक धडा शिकवून मग तो उलटा केला, तेव्हा जोडीने ठेवलेली वासरं नवा धडा एकट्या ठेवलेल्यांपेक्षा लवकर शिकली.

चारा खायला लागलेलं करडू अचानक आंधळ्यासारखं वागलं, डोकं भिंतीला टेकवलं किंवा आभाळाकडे मान केली, तर थायामिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) कमतरता असू शकते. मळी आणि जास्त गंधकाच्या पाण्यानेही हेच होतं. पहिल्या काही तासांत इंजेक्शन मिळालं तर जनावर सावरतं. मागचे पाय झोलणं वेगळं, तिथे सांधेदुखी, गोचिडांचा लकवा आणि तांब्याची कमतरता यांतलं नेमकं काय हे तपासून घ्यावं लागतं. तांब्याचं निघालं तर कळपातल्या बाकीच्या गाभण माद्यांचं रक्त त्याच आठवड्यात तपासायला द्या. त्यांच्या पोटातल्या पिलांसाठी अजून वेळ असतो.