राणी पाकोळी बाल्कनीत हवी? मग या चुका टाळा

लिंबाच्या पानावर पक्ष्यानं घाण केलेली दिसली, की लगेच फडकं घेऊन धावू नका. आधी वाकून बघा. मळकट तपकिरी, त्यावर पांढरट पट्टा, अंगाला ओलसर चकाकी? ती राणी पाकोळीची, म्हणजे ब्लू मॉरमॉन या फुलपाखराची, लहान अळी असू शकते. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून घेतलेलं हे सोंग माणसांच्या बाबतीत मात्र अंगाशी येतं. २०१५ साली हिला राज्य फुलपाखराचा मान मिळाला, असं करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं. आणि पुण्यातल्या बाल्कन्यांत आपण हिच्यावर कडुनिंबाचं तेल फवारतोय!

पानं खाल्ली जाणार, हे आधीच मान्य करा. मोठी हिरवी अळी भराभर खाते. कुंडीतलं रोप जोमदार असेल तर ते पुन्हा फुटतं. एकाच रोपावर गर्दी झाली, तर काही अळ्या पानासकट दुसऱ्या लिंबावर हलवा.

दुसरी चूक घाईची. कढीपत्त्यावर अळी दिसली की सोसायटीच्या ग्रुपवर ‘आपल्याकडे राज्य फुलपाखरू’ म्हणून फोटो! कढीपत्त्यावर बहुधा कॉमन मॉरमॉन किंवा लाइम बटरफ्लायची अळी असते आणि लहानपणी तिघींच्या अळ्या जवळपास सारख्याच दिसतात. मोठेपणी मात्र घोळ नाही: राणी पाकोळीचे पंख पसरले की १२ ते १५ सेंटीमीटर, रंग काळा, मागच्या पंखांवर फिकट निळाई आणि तिच्यात काळे ठिपके. पंखांना शेपटी नाही.

नुसती फुलझाडं लावून ही येईल, पण थांबणार नाही. एक्झोरा आणि मुसेंडा तिला आवडतात. अंडी घालायला मात्र लिंबू, पपनस यांच्याच कुळातलं झाड लागतं. सह्याद्रीच्या रानात ती माकडलिंबूवरही अंडी घालते. मूळची दाट झाडीतली, म्हणून कुंडी रणरणत्या गच्चीपेक्षा उन्ह-सावलीत बरी. नर्सरीतून आणलेलं रोप धुतलं म्हणजे निर्धोक झालं, असं समजू नका. काही कीटकनाशकं पानात मुरलेली असतात. जुनी पानं अळीला घालू नका, महिना-दोन महिने जाऊन नवी पालवी येऊ द्या.

आता अळी डब्यात ठेवून वाढवणाऱ्यांसाठी, कारण खरा गोंधळ इथेच होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात दमटपणा साचतो, लेंड्यांना बुरशी येते आणि अळी काळी पडून मरते. जाळीचं झाकण वापरा, लेंड्या रोज काढा. अळी खाणं सोडून एका जागी चिकटली, तर ती आजारी आहे असं समजून उचलू नका. बहुतेक कात टाकायच्या तयारीत असते. पूर्ण वाढलेली अळी एकदम पातळ विष्ठा टाकते आणि डब्यात सैरावैरा फिरू लागते, तेव्हाही औषधपाणी नको. तिला कोष करायला जागा हवी असते, एक तिरकी काडी ठेवा. शेपटीकडून चिकटून आणि कमरेला रेशमाचा दोरा बांधून ती काडीवर बसते.

कोष हिरवा झाला काय नि तपकिरी झाला काय, दोन्ही ठीक. खाली पडला तर खरखरीत कापडावर ठेवा आणि शेजारी काडी टेकवा, म्हणजे बाहेर आलेल्या फुलपाखराला चढता येईल. कोषाला बारीक भोक दिसलं, तर आत परजीवी गांधीलमाशीनं कधीच काम साधलेलं असतं. तिथे तुमची निगा कमी पडली असं नाही, निसर्गात हे सर्रास चालतं. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा पंख चुरगळलेले असतात. ते बोटांनी सरळ करायला जाल, तर जन्माचे अधू कराल. लटकून वाळू द्या, तास-दोन तास लागतात.

ताम्हिणी घाटात हिच्या फोटोसाठी जाणाऱ्यांना एकच सांगणं: मागे पळू नका, ती हाती लागत नाही. ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर नर क्षार शोषायला उतरतात, तिथे बसून राहा. फुलावर रस पितानाही पुढचे पंख फडफडत असतात, तेव्हा शटर स्पीड चढाच ठेवा.