सर्व्हर सुरू होत नाहीये? या चुका टाळा

सर्व्हर उठत नाही म्हणून फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "तीन-चार वेळा रीस्टार्ट करून बघितला, तरी होत नाही." मी विचारतो, पहिल्यांदा अडकला तेव्हा स्क्रीनवर काय लिहून आलं होतं? ते कोणी वाचलेलं नसतं. मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. बिघाडाने स्वतःचं कारण सांगितलेलं असतं आणि आपण ते पुसून टाकलेलं असतं.

न वाचता रीस्टार्ट मारणं

लिनक्सवर मागे सतत चालणारे प्रोग्रॅम, म्हणजे सर्व्हिस, सुरू-बंद करण्याचं काम सिस्टमडी करतो. त्याचा एक नियम आहे. एखादी सर्व्हिस १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झाली की पुढचा प्रयत्न तो नाकारतो. ही मर्यादा बदलता येते, पण बदल केला नसेल तर आकडे हेच. त्यानंतर लॉगच्या तळाशी 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' अशी ओळ दिसते. नवीन माणूस तीच ओळ शोधत बसतो आणि मर्यादा वाढवतो. खरं कारण वीस-तीस ओळी वर पडलेलं असतं: कॉन्फिगमध्ये राहून गेलेला अर्धविराम, न सापडलेली सर्टिफिकेटची फाइल, दुसऱ्याच प्रोसेसने धरून ठेवलेला पोर्ट. लॉग खालून वर नाही, वरून खाली वाचायचा. पहिली एरर खरी, नंतरच्या बहुतेक तिच्यामुळे आलेल्या.

अख्खं मशीन रीबूट केलं तर आणखी नुकसान. व्हार-लॉग या फोल्डरमध्ये जर्नल नावाची डिरेक्टरी नसेल आणि स्टोरेजचं सेटिंग 'ऑटो' असेल (बऱ्याच सर्व्हरवर मूळचं तेच असतं), तर सिस्टमडीचा जर्नल, म्हणजे त्याचा लॉग, फक्त मेमरीत राहतो. रीबूट झाला की आधीच्या बूटचा जर्नल गेला. नवीन सर्व्हर हातात आला की मी पहिल्याच दिवशी ती डिरेक्टरी आहे का ते बघतो, नसेल तर बनवतो. मग 'जर्नलसीटीएल -बी -१' दिलं की मागच्या बूटमध्ये काय घडलं ते समोर येतं.

एफएसटॅबमध्ये राहिलेली जुनी ओळ

एफएसटॅब म्हणजे बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेली फाइल. एका ठिकाणी रात्री कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट करून सर्व्हर रीबूट केला. स्क्रीनवर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' आलं, दीड मिनिटाचा काटा फिरला आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या मोडमध्ये, जाऊन थांबलं. अपडेट नुकतंच झालेलं, त्यामुळे सगळ्यांचा संशय कर्नलवर. ग्रब या बूटलोडरच्या (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूतून जुना कर्नल निवडला, तरी तेच. खरं तर कर्नल तिथेच निर्दोष सुटला होता. पण घाई झालेली. कोणीतरी रेस्क्यू इमेज लावून बूटलोडर परत बसवायला घेतला आणि तो चुकीच्या डिस्कवर लिहिला. आता मशीन इमर्जन्सी मोडपर्यंतही पोचेना.

मी पोचलो तेव्हा तीन तास उलटून गेले होते. बूटलोडर दुरुस्त केला आणि 'जर्नलसीटीएल -एक्सबी' उघडलं. 'टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस', आणि त्याखाली 'डिपेंडन्सी फेल्ड फॉर लोकल फाइल सिस्टम्स'. बॅकअपची एक डिस्क काही महिन्यांपूर्वी काढून नेली होती, एफएसटॅबमधली तिची ओळ मात्र तशीच होती. मशीन चालू होतं तोवर कोणाला पत्ता लागला नाही. सिस्टमडी न सापडणाऱ्या डिस्कची ९० सेकंद वाट बघतो आणि मग पुढे जायला नकार देतो, तसंच झालं. ती ओळ कॉमेंट करून बंद केली, रीबूट केला, सर्व्हर उठला.

तेव्हापासून माझी सवय ठरून गेली आहे. एफएसटॅबला हात लावला की 'फाइंडमाउंट --व्हेरिफाय'ने फाइल तपासायची, 'माउंट -ए'ने यादीतल्या डिस्क जोडून (माउंट करून) बघायच्या आणि शक्य असेल तर त्याच दिवशी, लोक जागे असताना, रीबूट करून बघायचं. डिस्कचं नाव एसडीबी वगैरे लिहायचं नाही, यूयूआयडी (फाइल सिस्टमचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहायचा, कारण नावांचा क्रम बदलू शकतो.

यावर 'सगळीकडे नोफेल टाका' असा सल्ला फिरतो. नोफेल म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडवू नको. मला तो पटत नाही. बॅकअपच्या डिस्कला नोफेल ठीक आहे. डेटाबेसच्या डिस्कला लावलात, तर डिस्क नसतानाही मशीन उठेल आणि एखादी सर्व्हिस त्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे रूट डिस्कवरच, नवा डेटा लिहायला लागेल. मशीन अडलेलं मला चालतं, डेटा दोन जागी विखुरलेला चालत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

डिस्क भरली आहे का ते 'डीएफ -एच'ने बघता, तसं 'डीएफ -आय'नेही बघा. जागा असूनही आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपलेले असतात. बूट पार्टिशन जुन्या कर्नलनी भरलं असेल तर नव्याची इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) अर्धवट लिहिली जाऊ शकते.

माउंट असलेल्या फाइल सिस्टमवर दुरुस्तीसाठी एफएससीके (फाइल सिस्टम तपासणारी कमांड) चालवू नका. कधीच नाही.

परवानगीची एरर आली की ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, देणारे अजून भेटतात. लांबून लॉगिन करायच्या एसएसएचच्या होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या गुप्त किल्ल्या) अशा उघड्या टाकल्या तर एसएसएचडी ही त्याची सर्व्हिस त्या वापरायला नकार देते. एकही किल्ली उरली नाही तर ती सुरूच होत नाही आणि लांबून आत शिरायची वाट बंद होते. एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा व्यवस्था) कायमचा बंद करणं हाही त्यातलाच प्रकार. आधी ऑडिट लॉग वाचा, बऱ्याचदा फाइलींची एसईलिनक्स लेबलं मूळची करणारं 'रिस्टोअरकॉन' पुरतं.

हाताने सुरू केली की चालते, बूटला मात्र पडते, अशी सर्व्हिस असेल तर ती ठराविक आयपीवर बांधली आहे का ते बघा. नेटवर्कला आयपी मिळायच्या आधीच ती उठत असते. युनिट फाइलमध्ये 'नेटवर्क-ऑनलाइन' टार्गेटसाठी आफ्टर आणि वॉन्ट्स दोन्ही लिहा. 'स्लीप ३०' टाकून वेळ मारून नेऊ नका, कारण एखाद्या दिवशी ३१ सेकंद लागतील.

याच्या उलटही होतं. सर्व्हिस पडली म्हणून कोणी सुडो लावून प्रोग्रॅम थेट चालवतो. तो चालतो, लॉगची आणि पीआयडीची (प्रोसेसच्या क्रमांकाची) फाइल रूटच्या मालकीची करून ठेवतो आणि मग सर्व्हिसच्या युजरला त्या उघडताच येत नाहीत. मूळ बिघाड दुरुस्त झाला तरी ती पडतच राहते. हाताने चालवून बघायचंच असेल तर 'सुडो -यू' लावून त्याच युजरच्या नावाने चालवा. आधीच चूक झाली असेल तर 'एलएस -एल'ने त्या फाइलींचा मालक बघा आणि 'चोन'ने तो सर्व्हिसच्या युजरकडे परत द्या.