हाय-एंड गेमिंग पीसी स्वतः कसा जोडावा

गेमिंग पीसीवर लाख-दोन लाख किंवा त्याहून जास्त खर्च करायचं ठरलं, की बहुतेकांचा सगळा वेळ ग्राफिक्स कार्ड निवडण्यात जातो. एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट आणि घरातलं अर्थिंग या गोष्टी उरलेल्या पैशांत उरकल्या जातात. माझ्या मते हाय-एंड पीसी तो, जो मे महिन्यातल्या दुपारी नागपूरच्या खोलीत तीन तास चालला तरी वेग सोडत नाही. परदेशी चाचण्या बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. आपली खोली दहा अंशांनी जास्त तापलेली असेल, तर आतले भागही साधारण तेवढेच जास्त तापतात. खरेदी करताना हा हिशोब सतत डोक्यात असू द्या.

आधी मॉनिटर, मग बाकीचं

१४४०पी मॉनिटरवर सुमारे ३७ लाख पिक्सेल असतात, तर ४के मॉनिटरवर सुमारे ८३ लाख, म्हणजे सव्वादोनपट. हे सगळे पिक्सेल ग्राफिक्स कार्डालाच रंगवायचे असतात. म्हणून स्क्रीन ठरल्याशिवाय कार्ड ठरवू नका. १४४०पीसाठी एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० टीआय किंवा एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी उत्तम. दोन्हींत १६ जीबी मेमरी आहे. ४केसाठी आरटीएक्स ५०८० घ्या. आरटीएक्स ५०९० हे ३२ जीबीचं कार्ड जबरदस्त आहेच, पण ते एकटं ५७५ वॅटपर्यंत वीज घेतं आणि ती सगळी वीज उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येते. खोलीत एसी नसेल तर मी ते घ्यायला सांगणार नाही.

प्रोसेसर म्हणून एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी निवडा. कोअर आठच आहेत, पण ९६ एमबी एल३ कॅशमुळे (प्रोसेसरमधल्या अतिजलद मेमरीमुळे) गेममध्ये तो त्याहून जास्त कोअरच्या महाग प्रोसेसरांनाही मागे टाकतो. फक्त ४केवरच खेळणार असाल तर बहुतेक गेममध्ये अडसर ग्राफिक्स कार्डाचाच असतो. तेव्हा प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊन वाचलेले पैसे कार्डात घाला. रॅम डीडीआर५, ६००० वेगाची, १६ जीबीच्या दोन पट्ट्या. चार पट्ट्या लावल्या की वेग खाली आणावा लागण्याची शक्यता मोठी. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव चांगलेच चढले, त्यामुळे व्हिडिओ एडिटिंगसारखं काम नसेल तर ६४ जीबीच्या मागे लागू नका.

वीज

इथे काटकसर करू नका. आरटीएक्स ५०८० कमाल ३६० वॅट घेतं, प्रोसेसर १६० वॅटच्या आसपास, आणि बाकी सगळं मिळून शंभरेक. ८५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरतो. ५०९०साठी किमान १००० वॅट. त्यावर ‘एटीएक्स ३.१’ लिहिलेलं हवं, कारण ही कार्डं क्षणभर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढतात आणि ते झटके या मानकात गृहीत धरलेले असतात. शिवाय कार्डाची १६ पिनांची केबल अशा एसएमपीएससोबतच मिळते, जोड-केबल वापरावी लागत नाही.

दुकानात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. गेम चालू असताना वीज गेली तर तो हा भार पेलणार नाही. प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखीच सलग लहर देणारा) यूपीएस घ्या आणि त्यावरचा व्हीएचा नव्हे, वॅटचा आकडा वाचा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो अर्थिंगचा दोष समजा. पीसी जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

हवा

पुढून जाळी असलेलंच कॅबिनेट घ्या. सगळीकडून काच असलेली कॅबिनेटं दिसतात सुंदर, पण आपल्या उन्हाळ्याला ती मानवत नाहीत. पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचा आणि वरचे बाहेर टाकणारे. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ९८००एक्स३डीसाठी दोन टॉवरचा चांगला एअर कूलर पुरतो. लिक्विड कूलर लावलात तर रेडिएटर वर बसवा; पंप रेडिएटरपेक्षा खालीच असायला हवा.

खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जा किंवा ऑनलाइन मागवा. पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहिलेला आहे ना ते पाहा. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून कार्ड मागवण्याचा मोह होतो, पण वॉरंटी बऱ्याचदा खरेदीच्या देशापुरतीच असते. आधी चौकशी करा.

जोडणी

मोकळं टेबल, चांगला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आणि निवांत दिवस हवा. कामाला बसण्याआधी एखाद्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा.

मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. सॉकेटची दांडी उचला, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा आणि तो अलगद सोडा, दाबू नका. या सॉकेटमध्ये पिना मदरबोर्डवर असतात. एक जरी वाकली तरी बोर्ड निकामी होऊ शकतो. दांडी खाली घेताना वरचं काळं प्लॅस्टिक आपोआप उडून पडतं. ते जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर लागेल.

रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा, टक् आवाज येईपर्यंत. एसएसडी प्रोसेसरजवळच्या एम.२ खाचेत, त्यावरच्या हीटसिंकची पातळ फिल्म सोलायला विसरू नका. कूलरच्या तळाचीही फिल्म काढा, प्रोसेसरच्या मध्यभागी वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट ठेवा आणि स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा.

आता बोर्ड कॅबिनेटमध्ये घ्या. स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर बसतो ते छोटे खुंट) बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना ते बघा, जास्तीचा राहिला तर शॉर्ट होईल. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आत्ताच लावा, कारण नंतर तो कोपरा हाताला येत नाही. जुन्या एसएमपीएसच्या केबली नव्याला कधीही लावू नका. सारख्या दिसल्या तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि एका क्षणात एसएसडी किंवा बोर्ड जळू शकतो.

ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी. त्याचा १६ पिनांचा कनेक्टर पूर्ण आत गेला पाहिजे, किंचितही फट दिसता कामा नये. अर्धवट बसलेले कनेक्टर तापून वितळल्याची उदाहरणं आरटीएक्स ४०९०पासून समोर आली आहेत. कनेक्टरपासून निदान तीन-चार सेंटिमीटर वायर सरळ राहू द्या, मगच वळवा. काच लावताना ती वायर दाबली जात असेल तर कॅबिनेट अरुंद आहे, ते बदला. जड कार्डाखाली आधाराची दांडी लावा.

पहिल्यांदा सुरू करताना

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. ९८००एक्स३डीमध्ये छोटं ग्राफिक्स असल्यामुळे मदरबोर्डवरूनही चित्र दिसतं, आणि मग ‘एवढे पैसे घालूनही गेम अडखळतो’ अशी तक्रार सुरू होते. बटण दाबल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड रॅम तपासून जुळवून घेत असतो. घाबरून वीज तोडू नका.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) गेल्यावर आधी ते अद्ययावत करा, मग एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा. हे केलं नाही तर ६००० वेगाची रॅम कमी वेगावरच धावत राहते. विंडोज आणि ड्रायव्हर झाल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट स्वतः निवडा, नाहीतर १८० हर्ट्झचा मॉनिटर ६०वरच राहू शकतो.

चाचणी

रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा. एकही चूक दिसली तर एक्स्पो बंद करून पुन्हा तपासा; तरीही चूक येत असेल तर रॅम बदलून घ्या. मग भर दुपारी, एसी बंद ठेवून, सगळ्यात जड गेम तासभर खेळा आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान बघा. ९८००एक्स३डीची मर्यादा ९५ अंश आहे. गेममध्ये तो ८०च्या खाली राहिला तर उत्तम. कार्ड ८५च्या पुढे जात असेल तर बाजूची काच काढून पुन्हा मोजा. आकडा एकदम घसरला तर कॅबिनेटला हवा कमी पडते आहे: पुढे एक पंखा वाढवा, जाळीवरची धूळ काढा. फरक पडला नाही तर कार्डाच्या विक्रेत्याला गाठा. ही चाचणी पहिल्याच आठवड्यात उरका आणि तोवर सगळी खोकी माळ्यावर टाकू नका, कारण बदलून घेताना दुकानदार मूळ खोकं मागतो.