आधी किडीचे तोंड बघा, मग पंप भरा

पावसाची उघडीप लांबली आणि ऊन तापले की मिरचीवर फुलकिडे (थ्रिप्स) आणि कोळी (जाळ्यातला नव्हे, पानाचा रस शोषणारा बारीक माइट) दोन्ही बोकाळतात. बाकीची कामे दोन दिवस मागे पडली तरी चालतील. उद्या सकाळी भिंग घेऊन शेतात जा आणि पाने उलटून बघा.

मिरची आकसली की ‘बोकड्या आला’ म्हणायचे आणि दुकानदार देईल ते तीन औषधांचे मिश्रण, वर टॉनिक, पंपात ओतायचे. याच घाईत हाताशी आलेली पिके गेलेली मी पाहिली आहेत. पाने होडीसारखी वर वळली असतील तर फुलकिडे. या किडीचा डावा जबडाच तेवढा वाढलेला असतो. त्याने ती पानाला छिद्र पाडते आणि सुईसारख्या अवयवांनी रस ओढते. पाने खाली वळली असतील तर कोळी. कोळी कीटकच नव्हे, त्याला आठ पाय. फुलकिड्यांवरची बरीच औषधे त्याला लागूच पडत नाहीत. मरतात ते त्याला खाणारे मित्रकीटक, आणि कोळ्याला रान मोकळे मिळते.

खात्रीसाठी शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. पिवळसर, लांबट, पळणारे दिसले तर फुलकिडे. काहीच दिसत नसेल तर पानाची खालची बाजू भिंगाखाली धरा. धुळीच्या वाटेकडच्या ओळींत कोळी आधी येतो असा माझा अनुभव आहे, तिथूनच सुरुवात करा.

अळीचे जबडे आपल्यासारखे वर-खाली हलत नाहीत, आडवे चालतात. म्हणून पानाला भोके, कुरतडलेल्या कडा आणि खाली विष्ठा. मावा, तुडतुडे, पांढरी माशी सोंड खुपसतात. त्यांनी भोक पडत नाही, पान पिवळे पडते, मावा-माशी असेल तर चिकटही होते. बीटी जिवाणूंची पावडर अळीने खाल्ली तरच काम करते. पानाच्या आतून रस ओढणाऱ्या माव्यावर ती मारणे म्हणजे पैसे मातीत.

खोड तिरके आणि साफ कापलेले दिसले तर उंदीर किंवा ससा. शेंडा ओढून फाटल्यासारखा असेल तर हरीण, कारण त्याला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. अशा नुकसानीवरही अळीचे औषध मारलेले मी पाहिले आहे.

मात्रा, 10 लिटर पाण्यासाठी:
- फुलकिडे, मावा (सुरुवातीला): 5 टक्के निंबोळी अर्क
- कोळी: पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक, 25 ग्रॅम
- लहान अळी: बीटी पावडर 20 ग्रॅम, संध्याकाळीच

इतर कामे:
- तण काढणे
- निळे-पिवळे चिकट सापळे लावणे
- युरिया हात राखून

गंधक भर उन्हात मारू नका, पाने करपतात. आधी तेलाची फवारणी झाली असेल तर मध्ये 2 आठवडे जाऊ द्या.